वरच्या मजल्याचा परवचा

आमच्या घरमालकांजवळ जाळी काढायची एक लांब बांबूची काठी होती. टोकाला बांधलेला झाडू केव्हाच झडून गेला होता, त्यामुळे जाळी काही निघत नसत. काठीचा उपयोग वेगळाच होता. संध्याकाळी दिवे लागले की ते ती उभी धरून छताच्या लोखंडी गर्डरवर ठोकत. वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. तो ठोका कानांच्या आधी आमच्या तळपायांना कळे. त्याचा अर्थ एकच होता : दिवेलागण झाली, वरून मुलांचा आवाज का येत नाही?

आम्ही ख्रिस्ती. ते मराठे, फौजेबरोबर दक्षिणेतून वर आलेल्या घराण्यातले. त्यांच्या देवघरात चांदीचे टाक होते, आमच्या भिंतीवर येशूचं चित्र होतं. तरी तुमच्या मुलांना घरात प्रार्थनेची सवय कोणी लावली, असं कोणी विचारलं तर मी अजून अडखळतो. मी लावली असं माझ्याच्यानं म्हणवत नाही.

माझे वडील नगर जिल्ह्यात मिशनचे प्रचारक होते. ते म्हशीसाठीसुद्धा मोठ्यानं प्रार्थना करत, आणि म्हैस सुखरूप व्याली की तितक्याच मोठ्यानं आभार मानत. नोकरीसाठी मी ग्वाल्हेरला निघालो तेव्हा ते म्हणाले, "रविवारच्या उपासनेवर विसंबू नकोस. लेकरांना घरात दे. घरात मिळालं नाही तर बाहेरचं टिकत नाही." मी हो म्हणालो. पुढे करुणा झाली, दानी झाला, वडील गेले, आणि माझ्या घरात प्रार्थना काही सुरू झाली नाही. विश्वास नव्हता असं नाही. पण बायकोमुलांसमोर तोंड उघडलं की माझ्या आवाजात वडिलांचा आवाज येई आणि आपण सोंग करतोय असं वाटे. उद्यापासून, उद्यापासून म्हणत वर्षं गेली. रविवारी सायकलवर मुलांना घेऊन मुरारच्या चर्चमध्ये जात असे. उपदेशात 'कुटुंब' हा शब्द आला की मी बुटांकडे बघत बसे.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होतो आणि ही इस्पितळात नर्स. शहराच्या लष्कर भागात भाड्यानं जागा शोधत होतो. आडनाव सांगितलं की खोली आधीच दिलेली असायची. इंदरगंजच्या मागच्या गल्लीत एका दगडी घराचा वरचा मजला रिकामा आहे असं कळलं म्हणून गेलो. दार उघडलं ते सत्तरीकडे झुकलेल्या एका उंच माणसानं. धोतरावर खाकी कोट आणि पायांना फौजी पट्ट्या गुंडाळलेल्या. पुढे कळलं की भाजी आणायला जातानासुद्धा ते पट्ट्या बांधतात. सगळी गल्ली त्यांना आबासाहेब म्हणे.

"क्रिस्तान?" नाव ऐकून त्यांनी विचारलं.

"हो."

"मटण करता?"

"कधी कधी."

"वास खाली आला तर वाटीपण खाली आली पाहिजे. मुलं किती?"

"दोन."

"तिन्हीसांजेला काय म्हणतात?"

मला कळलं नाही.

"परवचा हो, परवचा. दिवे लागल्यावर मुलं काय म्हणतात?"

"आमच्यात प्रार्थना असते," मी म्हणालो. आमच्यात असते हे खरं होतं. आमच्या घरात नव्हती.

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"मग आणा सामान, पाद्रीबुवा."

मी पाद्री नव्हतो, पण तेच नाव त्यांनी मला कायमचं लावलं.

पहिल्याच संध्याकाळी ठोका आला. आम्ही भांडी लावत होतो. कुठली तरी वस्तू पडली असेल असं वाटलं. पुन्हा ठोका. मी जिन्यावरून खाली वाकलो तर ते हातात काठी घेऊन वर बघत उभे होते. "विसरलात वाटतं," म्हणाले. मी वर आलो, मुलांना चटईवर बसवलं आणि घाईघाईनं प्रभूची प्रार्थना म्हणून टाकली. मुलं मागून पुटपुटली. हिनं माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. माझ्या घरातली पहिली कौटुंबिक उपासना ही अशी झाली. देवाच्या भयानं नव्हे, घरमालकाच्या.

ही टोचणी मला पुढे कित्येक वर्षं होती. रोज संध्याकाळी मी मुलांना जवळ घेऊन बसे आणि मनात म्हणे, हे खोटं आहे, हे काठीच्या धाकानं चाललंय, काठी गेली की हेही जाईल.

आबासाहेब पूर्वी संस्थानच्या फरासखान्यात होते. म्हणजे तंबू, कनाती, सतरंज्या ह्यांचं खातं. सरकारांचा मुक्काम जिथे व्हायचा तिथे हे आधी जाऊन कापडाचं गाव उभं करत. विलीनीकरणानंतर ते सगळे तंबू लिलावात गेले. त्यातली एक लहान राहुटी त्यांनी घेतली होती. उन्हाळ्यात गच्चीवर ती लावून तिच्यात झोपत. खुंट्यांऐवजी दगड, पण दोऱ्यांचा ताण, कनातीची घडी, दाराचं तोंड, सगळं जुन्या शिस्तीत. दानीला त्यांनी तिथेच गाठी मारायला शिकवलं. "बांधताना सगळ्यांचीच गाठ पक्की दिसते," ते म्हणत. "वारा आला की कळतं." मग स्वतःच दोरीला लोंबकळून वारा होत.

नव्या राज्यकारभाराबद्दल त्यांना राग नव्हता, नवल होतं. राजधानी सहा महिने इथे, सहा महिने तिथे, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सरकारी कचेऱ्या फायली बांधून ग्वाल्हेरहून इंदूरला आणि इंदूरहून ग्वाल्हेरला जात. आबासाहेब ते गाडीभर कागद बघायला मुद्दाम पट्ट्या बांधून स्टेशनवर जात. परत येऊन म्हणत, "बांधणी ढिली आहे. आमच्या वेळी एक सतरंजी हलायची नाही." पुढे मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला तेव्हा ते म्हणाले होते, "मी ह्या ओट्यावरून उठलो नाही आणि तीन मुलुख फिरून आलो."

आमच्या प्रार्थनेतही ते लक्ष घालत. एकदा त्यांनी करुणाला जिन्यात अडवलं.

"काय गं, रोज देवाकडे भाकरी मागता आणि खाता गव्हाची पोळी. हे कसं?"

"आबा, नगरला भाकरी खातात. तिथली आहे ती प्रार्थना."

"मग पत्ता बदलल्याचं देवाला कळवायला नको?"

करुणानं हे मला गंभीरपणे येऊन विचारलं. मी उत्तर शोधू लागलो. माझ्या वडिलांनी अशा प्रश्नावर मुलाला मांडीवर घेतलं असतं आणि सगळ्या जगाच्या भाकरीची गोष्ट सांगितली असती. मी म्हणालो, "अर्थ एकच." पण त्या रात्री ताटावर दानीनं आपण होऊन विचारलं, "ही पोळी देवानं दिली की आईनं?" आणि ही म्हणाली, "पीठ त्यानं, हात माझे." अशी बोलणी आमच्या घरात आधी होत नव्हती. ती काठीमुळे आली होती हेही मला टोचे.

एका थंडीत आबासाहेबांना न्यूमोनिया झाला. त्यांची बायको केव्हाच गेली होती. एकुलता मुलगा बिर्ला नगरच्या गिरणीत नोकरीला होता आणि तिकडेच क्वार्टरमध्ये राहायचा. तो आठवड्यातून एखादी चक्कर मारी. त्यामुळे इंजेक्शनं, शेक, कण्हेरी, सगळं हिनंच केलं. म्हाताऱ्याला झोप मिळावी म्हणून संध्याकाळी मुलांना ही म्हणाली, आज मोठ्यानं नको. आम्ही गप्प बसलो तर थोड्या वेळानं खालून एक वेगळाच आवाज आला. गर्डरपर्यंत काठी उचलवत नव्हती म्हणून ते पलंगाचा पाय ठोकत होते.

आम्ही सगळे खाली गेलो. "बंद का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून," ही म्हणाली.

"आवाज आला नाही म्हणून त्रास झाला. म्हणा इथेच."

मुलं पलंगाशी उभी राहून म्हणू लागली. आणि मग माझ्या लक्षात आलं की आबासाहेबांचे ओठही हलतायत. रोज खालून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. तापानं जड झालेल्या आवाजात ते मुलांच्या अर्ध्या शब्दामागून म्हणत होते. नेमका त्याच वेळी त्यांचा मुलगा हातात डबा घेऊन दारात आला.

मुलं वर गेल्यावर तो माझ्या मागोमाग जिना चढून आला. त्या दिवसांत मिशनरी आणि बाटवाबाटवी ह्यांवर वर्तमानपत्रांत रोज काही ना काही असे, आणि तो ते वाचणारा होता. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता.

"देखिए साहब," तो म्हणाला, "तुमच्या मिसेसनी बाबांचं केलं, त्याचे आभार आहेत. लेकिन हे ठीक नाही. म्हातारा माणूस, तापात पडलेला, आणि तुम्ही त्याला तुमची प्रार्थना म्हणायला लावता. मोहल्ल्यात कळलं तर काय होईल, मालूम आहे ना? तुम्ही दुसरीकडे जागा बघून घ्या. और तब तक वरून आवाज यायला नको."

मी खुलासा करायला हवा होता. मी फक्त "बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तेव्हा मी मुलांना सांगितलं, "आता मनातल्या मनात म्हणायचं."

करुणा म्हणाली, "मनात म्हटलं तर आबांना कसं ऐकू जाईल?"

"देवाला जातं."

"मग इतके दिवस मोठ्यानं का म्हणत होतो?"

मुलं डोळे मिटून बसली. दानीनं थोड्या वेळानं एक डोळा उघडला, मग दुसरा, मग तो लोखंडी खाटेखालच्या चेंडूकडे बघत बसला. त्याच्या मनात काहीच चाललेलं नव्हतं हे उघड होतं. त्या आठवड्यात मला स्वच्छ दिसलं की हे असंच विझतं. कोणी विझवायला यावं लागत नाही. बाप एकदा 'मनात म्हणा' म्हणाला की पुरे. खाली आबासाहेब गुंगीत होते, काठी कोपऱ्यात उभी होती, आणि मला रात्री वडील दिसत.

ताप उतरला. रविवारी संध्याकाळी त्यांचा मुलगा आला आणि खालून मला हाक आली. ही ड्यूटीवर होती. मुलांना वर बसवून मी खाली गेलो. जागेचंच बोलणं असणार म्हणून मनाची तयारी केली होती. आबासाहेब उशांना टेकून बसले होते, दाढी वाढलेली, पण पायांना पट्ट्या.

"वरचा परवचा कोणी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"मैंने कहा था," मुलगा म्हणाला. "बाबा, मोहल्ल्यात लोक काय म्हणतील?"

"मोहल्ला माझा ताप उतरवायला आला नव्हता. ह्यांची बायको आली."

"वो अलग बात आहे."

आबासाहेबांनी मान हलवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू म्हण."

"क्या?"

"दिवेलागणीचं. आपलं. तुझी आई म्हणायची ते."

मुलानं माझ्याकडे बघितलं, मग देवघरातल्या समईकडे. त्यानं हात जोडले आणि सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरी अर्धी आली. मग तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितली, पुन्हा तिथेच थांबला. चाळिशीचा माणूस, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

आबासाहेब रागावले नाहीत. "तुझी चूक नाही," ते म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. मग मी म्हणून घ्यायला हवं होतं. मी कुठे होतो? शिवपुरीला तंबू लावत होतो. लोकांच्या डोक्यावर कापड धरत जन्म गेला, आपल्या घरात दिवे लागले तेव्हा मी कधी नव्हतो. तुझ्या तोंडून दिवेलागणीला कधी काही ऐकलं नाही मी." त्यांना धाप लागली. थोडं थांबून ते म्हणाले, "आता वरून येतं ते ऐकतो. कुठल्या देवाचं आहे ते देव आपसांत बघून घेतील. मला घरात पोरांचा आवाज पाहिजे."

बाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आबासाहेबांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

"मला उठवत नाही. तू ठोक."

मुलगा जागचा हलला नाही. मग त्यानं काठी घेतली, ती हातात तोलून बघितली, आणि गर्डरवर ठोकली. ठोका जरा जोरात बसला. वरून थोडी भुकटी त्याच्या केसांत पडली.

वर मुलं एकटी होती. मी नव्हतो, आई नव्हती. मी वर जायला निघालो तर आबासाहेबांनी हातानंच थांबवलं. आधी धावण्याचा आवाज आला, मग चटई पसरल्याचा. मग करुणाचा आवाज सुरू झाला आणि तिच्या मागोमाग दानीचा. मोठ्यानं. दानी एका ठिकाणी नेहमी अडायचा. तिथे करुणा थांबली, त्याला येऊ दिलं आणि मग दोघं पुढे गेली. त्याच्यासाठी थांबायचं असतं हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

इतके महिने मी ते वरून म्हणत होतो. खालून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वर बसून मला फक्त माझा खोटा आवाज ऐकू यायचा. खाली तो नव्हताच. दगडातून गाळून येत होते ते नुसते मुलांचे आवाज, आणि त्यांत खोटं काही नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कोणी बघितलं नाही, कारण आबासाहेब डोळे मिटून होते आणि त्यांचा मुलगा छताकडे बघत होता. संपल्यावर मुलगा कपडे झटकत म्हणाला, "ठीक आहे. रहा तुम्ही." आणि काठी जागेवर नेऊन ठेवली.

नवं राज्य झालं आणि आमचं खातं भोपाळला गेलं. निघताना सामान टांग्यात चढलं तेव्हा दानीनं आबासाहेबांकडे काठी मागितली. "ती नाही मिळायची," ते म्हणाले. "मला जाळी काढायची आहेत." आणि त्याच्या चड्डीच्या नाडीची गाठ ओढून बघितली.

भोपाळच्या सरकारी क्वार्टरला वरही कोणी नव्हतं आणि खालीही. पहिल्या संध्याकाळी वळकट्या सोडायच्या होत्या, कंदील सापडत नव्हता. अंधार पडू लागला. मी ट्रंकेवर बसलो आणि वाट बघत राहिलो. ज्याची मला इतकी वर्षं भीती होती ती हीच संध्याकाळ. ठोका येणार नव्हता. मी उठून काही म्हणणार होतो की नाही, हे आजही मला सांगता येत नाही.

दानी जमिनीला कान लावून पडला होता. "आबा ठोकत नाहीयेत," तो म्हणाला.

"अरे बुद्धू, आबा ग्वाल्हेरला आहेत," करुणा म्हणाली. "आता आपल्यालाच ठोकावं लागेल." तिनं भांड्यांच्या पोत्यातून लाटणं काढलं आणि फरशीवर ठोकलं. मग माझ्याकडे वळून घरमालकाच्याच आवाजात म्हणाली, "विसरलात वाटतं, पाद्रीबुवा."

ही इतकी हसली की प्रार्थना सुरू व्हायला वेळ लागला. मी सर्वांत शेवटी सामील झालो.

दोनेक वर्षांनी कचेरीच्या कामासाठी ग्वाल्हेरला गेलो तेव्हा आबासाहेबांना भेटलो. संध्याकाळ होत आली होती. ते ओट्यावरच होते, पट्ट्या बांधून. मनात इतके दिवस साचलेलं मी त्यांना सांगून टाकलं. की आम्ही आधी प्रार्थना करतच नव्हतो, तुमच्या काठीच्या भीतीनं करू लागलो.

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं," ते म्हणाले. "रोज म्हणणारी मुलं अशी अडखळत नाहीत."

"मग बोलला नाहीत?"

"बोलून काय होतं? आमचे वडील खडावा घालून यायचे. खडावांचा आवाज आला की आम्ही म्हणायला लागायचो. वडील गेले, खडावाही गेल्या. मी अजून म्हणतो." मग त्यांना भोपाळचं आठवलं. "तिकडे कोण ठोकतं?"

"करुणा. लाटण्यानं."

"लाटणं आखूड पडतं," ते म्हणाले. "पण खाली ठोकायला चालेल."

दिवे लागले. ते आत गेले, काठी घेतली आणि गर्डरवर ठोकली. मला वाटलं जुन्या सवयीनं ठोकतायत. पण वरून एका लहान मुलीचा आवाज आला. दिवेलागणीचंच, जरा हिंदी वळणानं. एका ठिकाणी ती अडली, तेव्हा मागून एका पुरुषाच्या आवाजानं तिला उचललं. तोही पुढे एका ठिकाणी अडला. मग दोघांनी मिळून ते कसंबसं पार केलं. मुलगा बिर्ला नगरहून घरी राहायला आला होता.

"एक ओळ खाल्ली बापलेकींनी," आबासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा तंबू उभा राहिल्यासारखा ताठ झाला होता.

मी ओट्यावर बसून राहिलो. भोपाळमध्येही ह्याच वेळी दिवे लागतात. मी घरी नव्हतो, आणि तिकडे लाटणं वाजलं असणार, मुलं बसली असणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. माझ्यावाचून ते चाललं आहे ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. उलट वडील गेल्यापासून पहिल्यांदा माझी संध्याकाळ इतकी मोकळी गेली. आबासाहेबांनी चहा टाकला. आम्ही दोघं वरचा आवाज थांबेपर्यंत ऐकत बसलो.